मामाच्या अस्सल इंजिनाची तपासणी

...नाही, तुम्हीच सांगा, स्वच्छता हा गुन्हा आहे का? एखाद्या माणसाने, तेही इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या, चांगल्या मनाने, स्वतःच्या खर्चाने पॉलिश पेपर आणून एक जागा, फक्त एक जागा, काडेपेटीएवढी, घासून लख्ख केली, तर सबंध घराने त्याला आठ दिवस चहासुद्धा विचारू नये? थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हीही त्यांचीच बाजू घ्याल. मामापासून सुरुवात करतो.

माझा मामा गॅरेजवाला. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या दोन गाड्या आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक इंजिन. सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर, शर्यतीच्या गाडीचं. मामाचं म्हणणं असं, की कंपनीने खास शर्यतींसाठी अशी बाराच इंजिनं ओतली, त्यातलं हे सातवं. तो तरुणपणी त्या शर्यतवाल्यांकडे मेकॅनिक होता, तुकडी मोडली, आणि मालकाने जाताना पाठीवर थाप मारून इंजिन त्याला देऊन टाकलं. कागद? कागद कसला, मालकाचा शब्द होता ना!

आता हे मामा चाळीस वर्षं सांगतोय. पंक्चर काढायला आलेल्या माणसाला सांगतो, पत्ता विचारायला आलेल्या माणसाला सांगतो. आणि चाळीस वर्षांत एकाने, तुम्हाला सांगतो, एकाने विश्वास ठेवलेला नाही. गल्लीत त्याचं नावच पडलंय थापाड्या. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचायचेही कष्ट घेत नाही, ‘थापाड्याचं आलंय’ म्हणून टाकून जातो. मामी तर त्या इंजिनावर ओली पायपुसणी वाळत घालते. मामा कळवळून म्हणतो, अगं, बारातलं सातवं आहे ते. मामी म्हणते, हो, आणि मी तेरावी, सरका बाजूला.

मला खोटेपणाची चीड आहे, पण त्याहून जास्त चीड आहे ती खऱ्या माणसाने गप्प बसण्याची. मी मामाला म्हटलं, खऱ्याला कसली भीती? सिद्ध करू!

योगही जुळून आला. एक निवृत्त डॉक्टर भेटले, त्यांच्याकडे नेमकी त्याच जातीची गाडी. बाहेरून आरशासारखी, आणि बॉनेट उघडलं की आत नुसता खड्डा, इंजिन कोणी कधी काढून नेलं पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचं अस्सल असेल तर घेतो. जुन्या गाड्यांच्या संघटनेचा तज्ज्ञ येईल, तपासेल, त्याने लिहून दिलं की इंजिन गाडीत. मामाने किंमतसुद्धा विचारली नाही हो! त्याला एकच हवं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, “हा माणूस खरं बोलतो, एवढं कोणीतरी लिहून दिलं ना, की फ्रेम करून दारावर लावतो. पोस्टमनच्या उंचीवर.”

मग मी कामाला लागलो. ती कंपनी केव्हाच बंद पडलेली, तिची दप्तरं कुठल्याशा संग्रहालयात. मी पत्रं लिहिली, आठवण करून देणारी पत्रं लिहिली, आठवण करून दिल्याबद्दल माफीची पत्रं लिहिली, आणि पाचव्या आठवड्यात बाराच्या बारा इंजिनांच्या नंबरांची यादी आली. शेडमध्ये धावलो. ब्लॉकच्या कडेला एक सपाट जागा असते, तिथे कारखान्यात नंबर ठोकतात. टॉर्च धरला, बोटाने वंगण बाजूला केलं, एकेक आकडा वाचला... सातवा! मामा मागच्या टायरवर बसला. मामी दारात उभी होती. ती आली, इंजिनावरचं पायपुसणं उचललं, आणि घेऊन गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

इथे थांबायला हवं होतं, नाही? सगळे आता तेच म्हणतात. पण रविवारी तज्ज्ञ येणार आणि शनिवारी मी बघतो, तर तो नंबर, ज्याच्यावर मामाची अब्रू अवलंबून, तो काळ्या राबडीत आणि गंजात बुडालेला. म्हटलं, खऱ्याला कसली भीती? उघडं करून दाखवावं! आधी रॉकेल, मग तारेचा ब्रश, मग खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग कडांवरून कानशीचा एक हलका हात. काय चमकलं म्हणून सांगू! वेगवेगळ्या कोनांतून बेचाळीस फोटो काढले. घासल्यानंतरचे. आधीचा एकही नाही. घाणीचा फोटो कोण काढतं?

तज्ज्ञ बरोबर दहाला आला. पांढरा शर्ट, खिशात भिंग, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा, आणि बोलणं असं, जणू शब्द उधार आणलेत. सोबत आमचे डॉक्टर. तज्ज्ञ इंजिनाखाली शिरला, वर आला, पुन्हा शिरला. म्हणाला, ब्लॉक बरोबर. अर्ध्या तासाने म्हणाला, ओतकामाची तारीख बरोबर. मग म्हणाला, कार्बोरेटर बरोबर. प्रत्येक ‘बरोबर’ला मामा एकेक इंच उंच होत होता. मग तो नंबरापाशी आला, भिंग लावलं, आणि वाकला तो वाकलेलाच.

“हे कोणी घासलं?”

मी छाती पुढे काढून म्हटलं, “मी! काल!”

त्याने मला समजावून सांगितलं, फार सभ्यपणे, आणि सभ्यपणे सांगितलेलं जास्त लागतं. कारखान्यात ती जागा यंत्रावर तासून सपाट करताना तिच्यावर बारीक रेषा उमटतात, कंगव्याने ओढल्यासारख्या. नंबर त्या रेषांवर ठोकलेला असतो. लबाड माणूस जुना नंबर घासून काढतो आणि नवा ठोकतो, पण त्या रेषा त्याला परत आणता येत नाहीत. म्हणून आम्ही नंबर बघतच नाही, म्हणाला, आम्ही रेषा बघतो. आणि इथे रेषा नाहीत.

म्हणजे मी राबडी काढली नव्हती, तुम्हाला सांगतो, पुरावा काढला होता! मी ओरडून म्हटलं, अहो पण त्या कालपर्यंत होत्या, मी घासल्या, हा बघा पॉलिश पेपर, हे बघा बेचाळीस फोटो. तो म्हणाला, “प्रत्येक ठिकाणी एक भाचा असतो. आणि त्याने कालच घासलेलं असतं.”

त्याने फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, ‘नंबरात फेरफार कोणी केला’. माझं पूर्ण नाव विचारलं. सांगितलं. म्हटलं, खऱ्याला कसली भीती? काय करता विचारलं. तेही सांगितलं, अभिमानाने, की येत्या एक तारखेपासून एका कारखान्याच्या तपासणी विभागात रुजू होतोय, सुटे भाग मोजून पास करायची नोकरी. त्याचं पेन थांबलं. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाला, ही नावं संघटनेच्या फेरफारवाल्यांच्या यादीत जातात, आणि ती यादी सगळे कारखाने बघतात.

मग मामा बोलला.

“त्याला काय विचारता? त्याने फक्त पुसलं. नंबर मी ठोकलाय.”

मी “मामा, अरे—” म्हणायला तोंड उघडलं, तर त्याचा गॅरेजातला बूट माझ्या पायावर, सगळ्या वजनासकट.

तज्ज्ञाने विचारलं, कधी? मामा म्हणाला, झाली असतील पंधरा वर्षं. का? मामा म्हणाला, “लोक खोटारडा म्हणायचे. म्हटलं, दाखवायला एक नंबर तरी असू दे.”

आणि काय सांगू, लगेच पटलं सगळ्यांना! डॉक्टर मान हलवत म्हणाले, मला वाटलंच होतं. त्या माणसाने चाळीस वर्षं खरं सांगितलं तेव्हा कागद मागितले, यादी मागितली, रेषा मागितल्या. आता तो आयुष्यातली पहिली थाप मारतोय, चाचरत, बुटाकडे बघत, तर पुरावा एकानेही मागितला नाही. दारात उभी असलेली मामी तेवढी आत निघून गेली.

तज्ज्ञाने माझं नाव खोडलं, मामाचं लिहिलं, इंजिन बनावट म्हणून शेरा मारला. मग जाताना मामाचा काळाकुट्ट हात हातात घेतला. म्हणाला, या धंद्यात वीस वर्षं झाली, विचारल्याबरोबर खरं सांगणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. आणि पुन्हा खाली बसून फॉर्मवर लिहून दिलं, ‘मालकाने सर्व माहिती प्रामाणिकपणे दिली.’ शिक्क्यासकट.

खाली साक्षीदार म्हणून सही लागत होती. ती माझी आहे.