विचारल्याशिवाय आऊट नाई

माझं माहेर कौंडण्यपूरकडचं, नदीच्या काठचं, अन् सासर इकडे चांदूर रेल्वेच्या बाजूचं, दोनीकडे भाजीपालाच, म्हंजे जलमली तवा भाजीत अन् लगन झालं तं भाजीत. तुमी लिहून घेऊन राहिल्या म्हनून सांगतो ताई, नाई तं आमच्यासारख्याइचं काय सांगाचं, सकाळी तोडा करा, मोट्या बांधा, बाजारात बसा, झालं. आमी टमाट्याले भेदरं म्हनतो अन् कोथिंबिरीले सांभार, तुमी तिकडच्या, तुमाले हसू येत असन, तं हसा, मी बी तुमचं बोलनं ऐकून मनातल्या मनात हसूनच राहिली.

तुमाले कोमलचं पाह्यजे ना, तेच सांगतो. मोठा पोरगा माझा, अन् धाकटी कोमल. नाव कोमल ठेवलं अन् आवाजई तसाच निघाला, मोठा पोरगा दिवसभर रेडिओवानी चालू, अन् हे पोट्टी अशी मुकी का चुलीपाशी बसली असली तरी मी तिले घरभर शोधत फिरो. पाहुने आले का विचारत, पोरीले बोलता येते ना. येते म्हनलं बाप्पा, पन तुमी बोलू द्यान तवा बोलन ना ते.

आता हे आयकून ठेवा, यातूनच सारं झालं. आमच्या वावरात पत्ताकोबी लय होते. गाडी भराची असली का कोमलचे बाबा खालून एकएक कोबी फेकत अन् कोमल वरती गाडीत उभी राहून झेले. लहान होती तवापासून तिचंच काम ते. माझ्या सासऱ्यानं तिले शिकवलं होतं का कोबी हातात आली का बोलाचं नाई, हातातल्या कोबीकडे पाहाचं नाई, हळूच पायापाशी ठेवून द्याची अन् हात लगेच समोर, कारन दुसरी कोबी हवेत निंगालेली असते. जो बोलला त्याच्या नाकावर कोबी. तं हे पोट्टी अशी झेले का खालच्याले वाटे वरती कोनी हायेच नाई, कोबी जाते अन् गायब होते. एकई फुटत नोती. व्यापारी येत तं म्हनत, बाई, तुमचा माल असा बिनडागी कसा.

शाळेतल्या पोरीइची किरकेटची टीम अमरावतीले गेली अन् तिथी स्टंपाच्या मांगं उभं राहाले कोनी तयार नोतं, बॉल लागते म्हने. कोमलले उभं केलं, कारन ते नाई म्हनत नाई. काळे सर म्हनून तिथी पोरीइले शिकवतात, त्याईनं पाह्यलं अन् ते मंग घरीच आले आमच्या. कोमलच्या बाबाले म्हने, हिचे हात कोनी घडवले. हे म्हने, घडवाचं काय त्यात, कोबी हाये. सर खाटेवर बसून इतके हसले का चहा सांडला त्याइचा. पन मंग गंभीर झाले अन् म्हने, पोरीले पाठवा, इच्या हातात काईतरी हाये. तं सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती, असं सुरू झालं. मले किरकेटमधलं ओ का ठो समजत नोतं, मले एवढंच समजे का पोट्टी घरी येते तवा तिच्या तोंडावर उजेड राह्यते. तेवढ्यावर मी तिले पाठवत गेली.

मंग अकोल्याले मोठी मॅच होती, जिल्ह्या-जिल्ह्याच्या पोरी आल्या होत्या, त्यातून नागपूरच्या कॅम्पसाठी निवडनार होते. साऱ्या पोरी मिसळून टीमा केल्या होत्या, तं त्या मॅचले कोमलच्या टीममधे अकोल्याची रुखसार होती, ते फिरकी टाकते, हिंदी बोलते, अन् बोलते म्हंजे काय, तोंडाचा पट्टाच. तिच्या एका बॉलवर समोरच्या पोरीच्या बॅटीले कट लागला, बारीक, कोनालेच आयकू नाई आला, एकट्या कोमलले आला. अन् कोमलनं तो बॉल झेलला. अन् झेलून काय केलं असन तिनं सांगा. तिनं तो बॉल हळूच पायापाशी ठेवला अन् हात समोर केले.

बस. अंपायर उभे, बॅटवाली उभी, सारे उभे. कोनी काई बोललं नाई, दुसरा बॉल टाकला गेला. ओवर झाली तवा रुखसार तिच्यापाशी आली, क्यूं रे कोमल, वो बॅट को लगा था क्या. कोमल म्हने, हो, लागला ना. रुखसार म्हने, तो बोली क्यूं नहीं. तं कोमल म्हने, मले कोनी इचारलंच नाई. रुखसारनं डोक्याले हात लावला, म्हने या अल्ला, तू बॉल पकड रही है या गोभी भर रही है. तिले काय मालूम का तिनं बरोब्बर वयखलं म्हनून. अन् त्याच बॅटवालीनं मंग असा मार मारला का मॅच गेली. नागपूरच्या नावात रुखसारचं नाव आलं, कोमलचं नाई आलं.

पोट्टी घरी आली, रडली नाई, जेवली नाई, सांभाराच्या जुड्या बांधत बसली. मी इचारलं, काऊन वं, काय झालं. तवा तिनं सांगतलं. मले आधी समजेचना. मी म्हनलं, सारे डोये उघडे ठेवून उभे होते ना, तो कोटवाला मानूस तेवढ्यासाठीच उभा राह्यते ना, मंग त्याले दिसत नाई का. दुसऱ्या दिवशी काळे सर आले त्याईनं मले नीट समजावलं, म्हने, वहिनी, या खेळात इचारल्याशिवाय आऊट नाई. मोठ्यानं इचारा लागते, हाऊज दॅट म्हनून. अंपायरले पक्कं मालूम असन तरी तो आपनहून देत नाई. अन् किपरचा आवाज नसन तं साऱ्या टीमले आवाज नसते. तुमच्या पोरीचे हात सोन्याचे हायेत पन आवाजापायी तिले कोनी घेनार नाई, आनखी एक मोका हाये, पुढच्या हंगामात, अकोल्यालेच, तो गेला तं मंग वय निंगून जाईन. मी तं सारं करून पाह्यलं, आरशासमोर ओरडाले लावलं, मैदानात एकटी उभी करून ओरडाले लावलं, ते ओरडते तं मांजर बोलावून राहिली असं वाटते. आता तुमीच काई करा.

मी म्हनलं, सर, हे होय ना, हे तं माझ्या धंद्यातलं काम हाये. मले लय हसू आलं ताई. कोबी झेलनं माह्या सासऱ्यानं शिकवलं पन ओरडनं तं माझं होय. माल कितीई चांगला असो, हाक नाई मारली तं गिऱ्हाईक तुमच्या समोरून दुसरीच्या टोपलीपाशी जाते. मी पोरीले घेऊन गेली चांदूरच्या बाजारात. तिले लाज वाटे, वर्गातल्या पोरी पाह्यतीन म्हने. मी म्हनलं पाहू दे, त्या बी सांभार खातात.

पहिल्या बाजाराले ते तोंड उघडे अन् आवाज गळ्यातच राहे. दुसऱ्या बाजाराले बी तसंच. मंग मी एक दिवस काय केलं, साऱ्या सांभाराच्या जुड्या तिच्यासमोर मांडल्या, अन् म्हनलं, मी चहा पिऊन येतो. अन् मी गेली ते गेलीच, हाटेलात बाकड्यावर जाऊन बसली. ऊन चढून राहिलं, सांभार माना टाकून राहिला, मले तिथून सारं दिसत होतं. बाजूची बाई हाका मारून मारून गिऱ्हाईक वढून नेऊन राहिली अन् माझी पोट्टी जुड्याइवर पानी शिपडून राहिली. मले वाटलं उठावं, पन मी नाई उठली, आनखी एक चहा सांगतला. अन् मंग ताई काय सांगू तुमाले, एक बाई तिच्यासमोर थांबली, जुडी उचलून पाह्यली अन् ठेवून चालाले लागली, तं कोमल एकदम उभीच राहिली अन् अशी हाक मारली, ओ काकूऽऽ, घ्या ना वऽऽ, आजचाच तोडा हायेऽऽ, का ते काकू तं थांबलीच, पन हाटेलवालाई पाहाले लागला, कोनाची पोरगी होय म्हने हे. मी म्हनलं, माझी होय. अन् मले रडू फुटलं तिथीच, हसतई होती अन् रडतई होती. सांभार सारा गेला त्या दिवशी. घरी येताना पोट्टीचा घसा बसला होता अन् तोंड असं फुललं होतं.

पुढचा हंगाम आला तं मी पहिल्यांदाच मॅच पाहाले गेली अकोल्याले. एका निंबाखाली बसली. कोमलचे बाबा म्हने, तू तिथी जाऊन काय पाहशीन, तुले समजते का. मी म्हनलं, पाहाची नाई, आयकाची हाये. नागपूरच्या निवडीचे मोठे सर येऊन बसले होते, काळे सर माझ्या बाजूनं येरझारा घालून राहिले, बसा म्हनलं तरी बसत नाई. रुखसार बॉल टाकाले आली. मले तं बॅट दिसे ना बॉल दिसे, एकदम आवाज आला अन् तो माझ्या पोरीचा होता, साऱ्या मैदानावर, लागली नाऽऽ ओ भाऊऽऽ!

हाऊज दॅट नाई म्हनली. शिकवलेलं सारं इसरली अन् आपलं तेच बोलली. अन् मले बी राहावलं नाई, आदत ना, बाजारात एकीनं हाक मारली का दुसरी मांगून देतेच, मी निंबाखाली उभी राहून वरडली, लागलीऽऽ. सारे लोक माझ्याकडे पाहाले लागले, काळे सरानं माझा हात धरला, म्हने वहिनी, तुमी नका इचारू, तुमी बाहीरच्या. तो अंपायर कोमलकडे पाहून राहिला, पाहून राहिला, मंग गालातल्या गालात हसला अन् बोट वरती केलं. मॅच झाल्यावर तिले इचारलं म्हने त्यानं, पोरी, कुठची होय तू. चांदूर रेल्वेची. तं म्हने, मले समजलं, पन पुढे गेली तं तिथल्या अंपायरले वऱ्हाडी समजन याची खात्री नाई, हाऊज दॅट बी शिकून ठेव. त्या निवडीत तिचं नाव आलं. रुखसारनं तिले उचलून गोल फिरवलं अन् दोघी बी पडल्या मातीत.

त्याले आता काई वर्सं झाली. नागपूर झालं, दुसऱ्या राज्याइत जाऊन खेळली, इमानात बसली, इमानात जेवन देतात पन भाजी शिळी राह्यते म्हने. सोपं नाई हाये ताई ते, हेई लिहा तुमी. तिच्यासंगच्या लय पोरी गळल्या, कोनाचं लगन झालं, कोनी पोलीस भरतीत गेली, एकीचा गुडघा गेला तं ते आता शाळेत पोरीइले शिकवते, चांगली होती ते, कोमलपेक्षा चांगली. मोठ्या टीममधे कोमल हाये, पन तिथी पहिली किपर दुसरीच हाये, वयानं मोठी, तं कोमल पानी नेऊन देते अन् बसते. दोन हंगाम बसूनच हाये. लोक येतात, म्हनतात, बसाचंच हाये तं घरी येऊन बस ना, पोरगा पाहू. मी म्हनतो, तिले इचारा. अन् आता ते सांगते बरं का, तोंडावर सांगते, मले अजून खेळाचं हाये. गप्प बसत नाई आता. पाहुने म्हनतात, पोट्टी लय बोलते तुमची.

अन् काल तिचा फोन आला. माय, त्या मोठ्या किपर ताईच्या अंगठ्याले लागलं, परवा मी खेळून राहिली. मी म्हनलं, बरं. एवढंच. मंग फोन ठेवल्यावर साऱ्या गल्लीले सांगत सुटली.

तं आज आमी वावरात तोडा केलाच नाई. उद्या बाजार हाये अन् आमी जाऊन नाई राहिलो, माझं लगन झालं तवापासून असं कवाच नाई झालं. भेदरं राह्यतीन झाडावर एक दिवस, पिकली तं पिकली. पोराच्या मोबाईलवर दिसते म्हने मॅच, रुखसारची माय बी येऊन राहिली अकोल्याहून पाहाले. तुमी बी थांबा ताई, कायले जाता आजच, मी पिठलं टाकतो. ज्या ज्या पोरी खेळून राहिल्या त्याइचे हातपाय देव शाबूत ठेवो, त्याइले यश देवो, त्या जखमी झालेल्या पोरीचा अंगठा लवकर बरा करो, अन् समोरच्या टीमच्या पोरी बी कोनाच्या ना कोनाच्या लेकीच होय, त्याइलेई देवानं भरभरून द्यावं, फक्त उद्याचा दिवस सोडून.