कोरी नळी

अहो, तो खालचा खण नका उघडू! तिथे काही नाही — म्हणजे आहे, पण फोटो काढण्यासारखं नाही. या वरच्या तीन नळ्या घ्या, यांच्यासाठीच तर पेपरनं तुम्हाला धाडलंय ना — ‘बर्फाखाली जीव सापडला’! हातात धरू? धरते. हसायचं? हसू कसलं येतंय — असू दे, काढा. हं, तर मंगळावर आम्हाला कोण नेणार? म्हणून अशी जागा शोधायची — खाली ज्वालामुखी धुमसतोय, वर हिमनदी, मधे वाफेनं कोरलेली गुहा. इथे काही जगत असेल तर तिकडेही जगेल, एवढंच आमचं म्हणणं. आणि माझा धाक केवढा! मास्क काढायचा नाही, शिंकायचं नाही, आपल्या अंगावरचे जंतू नळीत गेले की सगळं मुसळ केरात. पोरं मला माघारी ‘सासूबाई’ म्हणतात — ठाऊक आहे मला. आणि सासूबाईंनी काय केलं? वाफेनं चष्मा धुरकटला, हातमोजा काढला, चष्मा पुसला — आणि त्याच उघड्या हातानं नळ्यांची बुचं लावली. सवयीनं हो! माझी विद्यार्थिनी गुहेच्या तोंडाशी दोरी धरून उभी, तिला काय दिसणार?

उद्या परिषदेत तीच बोलणार आहे. शोध तिच्याच नावावर. सकाळी तिच्या आईचा फोन आला होता — ‘मॅडम, पोरीचं सोनं केलंत तुम्ही.’ मी काय म्हटलं? ‘मेहनत तिची हो.’ जीभ कशी झडली नाही माझी!

अं? खालच्या खणात? कोरी नळी. तिच्यात काही भरायचं नसतं — गुहेत नुसती उघडायची, बंद करायची. पुढे तिच्यात काही वाढलं तर समजायचं, ते बर्फातलं नव्हे, आपण नेलेलं. आणि वाढलं ना! या तिन्ही नळ्यांत आहे तेच, अगदी तेच. ते बघितलं तेव्हा कुठे मला तो चष्मा आठवला. पोरीनं विचारलं, कोरी कुठाय? मी म्हटलं, फुटली. प्लास्टिकची आहे हो ती, आपटली तरी फुटत नाही — तिलाही माहीत आहे. पण मी म्हणाले ना, म्हणून ‘बरं मॅडम’ म्हणून गेली. त्या ‘बरं’ची लाज वाटते मला, बाकी कशाची नाही.

कॅमेरा का खाली ठेवलात? मी हे तुम्हाला सांगणार नव्हते — तुम्ही आपले गप्प उभे राहता आणि माणूस बोलत सुटतं. निघा आता. बाहेर बाकावर बसलीय ती, भाषण पाठ करतेय, तिला आत पाठवा. नाही, बाकी काही बोलू नका. एवढंच म्हणा — मॅडमना कोरी नळी सापडली. धड आहे.