शेवटची बसलेली

— नाही, तसं नाही, मान आधी मागे टाक. आणखी. हां. आता या फडक्यातून मी पिळते तेवढंच गिळायचं, घाई केलीस तर कालच्यासारखं नाकातून येईल, मग ठसका, आणि ठसका लागला की जबडा पुन्हा सरकला म्हणून समज — कसाबसा बांधलाय मी उशीच्या अभ्र्याने, मी काही हाडवैद्य नाही, पाव भाजणारी बाई आहे. दूध आहे. पाव कुस्करलाय त्यात. असा काय बघतोस, विष नाही घातलं! विष घालायचं असतं तर गवंड्याच्या हातून तुला सोडवलं कशाला असतं? त्याने आणखी एक घाव घातला असता तर संपलंच होतं. हातोडीचा दांडा लागला म्हणून नुसता जबडा मोडला, लोखंडाची बाजू लागली असती तर डोकं मडक्यासारखं फुटलं असतं तुझं. गटारातून केसांना धरून काढला होता तुला, आठवतंय? नसेल आठवत. अर्धी वस्ती तुझ्या छातीवर नाचत होती. आणि मी ही भट्टीची फावडी घेऊन मध्ये घुसले — ही, पाव ओढायची, लांब दांड्याची — आणि जो दिसेल त्याला हाणत सुटले. सुताराचं मनगट मोडलं. माझ्या सख्ख्या नणंदेच्या तोंडावर बसली, तिचा दात माझ्या पायाशी येऊन पडला. कुणासाठी? तर या मुडद्यासाठी! गीळ.

का वाचवलं म्हणून विचारतात सगळे. विचारत नाहीत तेच खरं, इथे विचारायची पद्धत नाही. तुला कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे — ज्या जमीनवाल्याने पाठवलं तुला त्याला तरी कुठे कळलंय — त्याला वाटतं इथे कुणीतरी म्होरक्या असेल, त्याला फोडला की वस्ती उठली. अरे, म्होरक्याच नाही तर फोडतोस कुणाला! कारखाना बंद पडला, मालक गेला, मागोमाग साहेब गेले, मग एक दिवस चौकीतले शिपाईसुद्धा गाडीत बसून गेले ते गेले. आम्ही वाट बघितली. कुणी येईना. मग नळ फुटला तो आम्हीच बांधला, आजारी पडलं त्याच्याकडे पाळीने बसायला लागलो, ज्याचं छप्पर गळेल त्याच्या घरी प्रत्येक घरातून एक माणूस. पाव माझा, पीठ सगळ्यांचं. चौकीत आता सुईण बसते. कोठडीत पाळणे आहेत. आणि ती जाळी बघ, पाव निवायला टाकते ती — हो, तीच — कोठडीचे गज आहेत ते. मी मागून घेतले. सगळे हसले, म्हणाले मावशी, पाव पळून जातील की काय.

आणि ठरवायचं असलं काही की मैदानात बसायचं. सगळे खाली, मातीत. मग ज्याला पटलं तो उभा राहतो. बोलायचं तेवढं बोला, भांडा, आई-बाप काढा, पण शेवटी उभं राहायचं. एक जरी बसून राहिला तरी ते काम होत नाही. का बसलास असं विचारायचं नाही, हात धरून उठवायचं नाही, एवढाच काय तो आमचा कायदा. पाणीवाल्याचा म्हातारा होता, तो संडास बांधायचं ठरत होतं तेव्हा बसून राहिला. दर बैठकीला सगळी वस्ती उभी आणि हा आपला मातीत बसलेला, तोंडावर राग नाही, काही नाही. किती दिवस आम्ही बायाबापड्या झुडपं शोधत फिरलो! आणि नंतर कळलं काय, तर म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते. उठताच येत नव्हतं त्याला! त्याला आपलं वाटायचं, कुणीतरी हात देईल. आणि आम्ही कायदा पाळत बसलो. हसू नकोस, जबडा दुखेल. मीही नाही हसत हल्ली.

कारण आता मी बसलेय. सगळे उभे राहिलेत, तुझ्यासाठी, एकजात सगळे — सुईण, नणंद, मनगट बांधून सुतार, ज्यांनी आयुष्यात कोंबडी कापली नाही ते. मी एकटी मातीत. आणि मला कुणी वाकडा शब्द बोलत नाही रे, हेच तर सोसत नाही! शिव्या दिल्या असत्या, दारावर दगड मारले असते, तर कंबर कसून बसले असते मी. तर लाकडं फोडून दाराशी रचून जातात. नणंद त्या फुटक्या तोंडाने माझं पीठ चाळायला येते. आणि गवंडी सकाळी पाण्याचे डबे आणून ठेवतो, मनगटावर कडी अडकवून आणतो, कारण तळहात जळालेत त्याचे, सोलून निघालेत नुसते. ठेवतो, जातो. वर बघत नाही. ज्याची बायको गेली, पोर गेली, तो मला पाणी भरून देतोय, कारण त्याची पाळी आहे. मला सांग, असल्या पाण्यात पीठ कसं मळायचं?

ऐकू येतंय? पलीकडे, भिंतीच्या मागे. गवंड्याची थापी आहे, मनगटाला फडक्याने बांधून घेतलीय. जळालेलं गोदाम परत उभं करतोय. आधी मला वाटलं, माझ्या पिठासाठी. म्हटलं बाई, काय काळजाचा माणूस. मग बघितलं तर खिडकी बुजवलीय. काल सुतार डाव्या हाताने चौकट बसवत होता. मी विचारलं, दार आत उघडणार की बाहेर — तर सुताराने बाहेरच्या अंगाला कडीची जागा आखली. तेव्हा कळलं मला ती खोली कुणासाठी चाललीय. तुला तिथे घालायचा, वाळलेली लाकडं घालायची, बाहेरून कडी. जसं तू केलंस तसं. जे मैदानात नुसतं ‘त्याचं काय ते करायचं’ म्हणतात ना, ते हे. आणि ते थांबलंय एका बाईच्या बुडाखाली.

मी का बसलेय सांगू? माझा पाठचा भाऊ त्या गजांच्या आत गेला. चौकी होती तेव्हा. कसली तरी चोरी, त्याने केली की नाही देव जाणे. सकाळी आम्हाला दिला तो पोत्यात घालून. पडला म्हणाले. मी अंघोळ घातली त्याला, तळपायाला कातडी नव्हती. पडल्यावर तळपायाची कातडी जाते का रे? तर शिपाई गेले त्या दिवशी पहिली बैठक झाली, आणि मी म्हटलं, बाकी काहीही करा, पण या वस्तीत बंद खोलीत माणूस मरणार नाही. सगळ्यात आधी कोण उभं राहिलं असेल? गवंडी. पोरीला खांद्यावर घेऊन. तीही वरून हात वर करत होती, तिला वाटलं खेळ आहे.

म्हणून मी दर बैठकीला सांगते, त्याला माहीत नव्हतं. ते गोदाम पिठाचं. आत माणूस असायचंच काही कारण नव्हतं. गवंड्याच्या घराचं छप्पर आपणच उतरवलं होतं नवं घालायला, म्हणून त्याच्या माणसांना गोदामात जागा दिली, हे बाहेरच्याला कसं कळणार? आणि तिन्हीसांजेला तर सगळे मैदानात होते. पोरीला बरं नव्हतं म्हणून आई मागे राहिली. हा आला पीठ जाळायला, पाठवलं तसा आला, पीठ जाळलं की वस्ती उपाशी मरेल आणि उठेल, एवढंच याचं डोकं. आणि कडी? कडी बाहेरून होती म्हणतात. तर मी सांगितलं, त्या दाराची कडी पडते आपोआप, दार आपटलं की पडते, मला माहीतय, रोज माझं जाणं-येणं. गवंडी म्हणाला, मला ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. मी म्हटलं, तापून अडकली असेल बाबा, लोखंड आहे. विश्वास ठेवला त्याने माझ्यावर. मावशी कशाला खोटं बोलेल. अरे, जुनी कडी पडायची, पण कुत्री दार ढकलून पोती फाडायची म्हणून मीच तर ती काढून चौकीच्या दाराचा अडसर बसवला, तो गुडघा लावून रेटल्याशिवाय —

हं. घे, राहिलेलं पी.

ऐकलंस तू. कुणाला सांगणार म्हणा, तोंड बांधलंय. बरं, ऐकलंस तर ऐकलंस. मी स्वतःची समजूत घातली होती. म्हटलं, दार लावायची सवय असते माणसाला, रेटला असेल, पळायच्या घाईत. आत कोणी नाही असं समजून. होतं असं. माणूस वाईट असतो म्हणजे इतका वाईट असतो असं नाही. माझं सगळं बसणं त्याच्यावर आहे, कळतंय का तुला? एवढ्याशा जागेवर बसलेय मी.

तर एक विचारते. बोलायचं नाही, नुसती मान. ती पोर खोकत होती. डांग्या खोकला होता तिला, ती उबळ आली की मला इथे भट्टीपाशी ऐकू यायचं. त्या संध्याकाळीही खोकत होती, मैदानात जाताना मी ऐकलंय. तू दाराशी होतास. अडसरावर गुडघा लावून होतास. खोकला ऐकू आला होता तुला?

इकडे बघ. माझ्याकडे.

आला होता?

नको. पुन्हा नको हलवूस मान. दिसली मला.

मेल्या, नाही म्हणायचंस ना! नुसती आडवी हलवायची होती, तेवढीही नाही दुखली असती. मी मानलं असतं. खोटं आहे हे कळूनसुद्धा मानलं असतं, मरेपर्यंत बसले असते त्या मातीत. आता कशाला खरं बोलायला गेलास? रडू नकोस. बांधलेलं भिजेल. रडू नकोस म्हणते ना!

वाजायला लागलं बघ — बैठकीची घंटा. थापी थांबली त्याची.

कोण? हो, आहे आतच. ये. नाही रे गवंडीदादा, त्याला काही नाही करत मी, दूध पाजत होते. हात कशाला पुढे करतोस, कातडी नाही त्यांना. राहू दे. मला उठता येतं.