पिकअप किती उंच करायची?

दोन हजार पाचचा महापूर ओसरला तशी गाडीखालच्या स्प्रिंगांचे पाटे बसवणाऱ्या मेस्त्रीकडं गाड्यांची रांग लागली. आपल्या टेम्पोची वाट बघत बसलेल्या निशाचे कान पुढच्या गिऱ्हाइकाकडं लागले.

"मेस्त्री, पिकअप उंच करा. पुढं-मागं पाटं वाढवा."

"कशापायी, बापूसो?"

"पुरात इंजनात पाणी शिरलं की! म्हशी गोठ्यातच अडकल्या."

"आरं तिच्या! मग?"

"दावी कापली. पोहत गेल्या."

"एरवी गाडीत चढवता कशा?"

"गोठ्याच्या कट्ट्यावरनं. गाडीचा मागचा फाळका पाडला की कट्ट्याला बरोबर लागतोय."

"आन गाडी उंच झाल्यावर?"

निशा बाकड्यावर पुढं सरकली.

"फळी टाकतो की."

"चढतील?"

"थोरली चंद्री फळीवर पाय ठेवत न्हाय."

"बाकीच्या?"

"चंद्रीबिगर हालत न्हाईत."

"पाटं काय, आत्ता बसवतो. पर आधी चंद्रीला इचारून या."