नानांनी मला खुर्चीवरून उठवलं

मालक, आबा, आपल्या कापसाच्या जिनातल्या बायांनो, भावांनो. तुम्ही कामावरून थेट इथे आलात. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. आज तर नाना गेल्यावर बोलायचं आहे. म्हणून कागद हातात धरला आहे.

आधी एक चूक सुधारते. परवा नानांच्या ओट्यावर मी म्हणाले, की आपल्या या मुकादमांनी कधी कुणाला जागेवरून उठवलं नाही. ते खरं नाही. एकदा उठवलं. मला.

माझं शिक्षण घरचं, वडिलांपाशी झालेलं. लिहितावाचता येतं म्हणून नानांनी मला बायकांच्या हजेरीवर घेतलं. बाया ओळीनं बसून कापसातली कवडी, म्हणजे डागी बोंडं, वेचायच्या. मी मागे खुर्ची टाकून बसायचे. देखरेखीला असलेले आबा म्हणायचे, "पाठीशी कोणी असलं की हात चालतो." मालक म्हणायचे, "बक्षीस लावा." मला दोन्ही पटायचं. खोटं कशाला बोलू, आबा उभे असले की निवडलेल्या कापसाचा ढीग वाढायचा. लुगड्याचं बक्षीस लागलं तेव्हा आणखी वाढला. पण ढिगांच्या तळाशी कवडी दडवलेली निघाली. मी बायांवर ओरडले.

नाना आले. "बाय, ऊठ," म्हणाले. खुर्ची भिंतीला लावली, मला ओळीत बसवलं आणि स्वतःही बसले. बोंडाची टोकं बोटांना टोचत होती. शेजारची सोनाअक्का म्हणाली, "खुर्चीवर हात जलदी चालतस ना, बाय?"

दुपारी नानांनी रेच्यावरची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावरची, मूठभर रुई आणून अक्काच्या तळहातावर ठेवली. "देख अक्का, हाई तुनी रुई शे." अक्कानं रुई बोटांनी फाकवली; आत कवडीचे पिवळे डाग होते. मग कोणी न सांगता तिनं आपला ढीग पुन्हा उलगडला. त्या दिवसापासून नाना रोज अशी मूठ आणायचे.

मी विचारलं, "नाना, धाक नको, लुगडं नको, मग बाया काम का करतील?"

"तू आज का केलं?"

"अक्कापुढे माझा ढीग घाण दिसू नये म्हणून."

नाना हसले. "मंग बाया का येगळ्या शेतस?"

असा मुकादम मी दुसरा पाहिला नाही. तरीही नाना अंथरुणाला खिळले आणि काम घसरेल या भीतीनं मी परत खुर्ची घेतली. हेही सांगायला हवं. आता मालक नानांची मुकादमाची जागा मला देत आहेत. बक्षीसही परत लावायचं म्हणतात. मालक, मला जागा हवी आहे, पण नानांच्या रीतीनं. ते चालणार नसेल तर मी हजेरीवरच बरी. आबा, तुम्ही वडीलधारे, रागावू नका.

आता सगळे उभे राहू. नानांसाठी थोडा वेळ गप्प राहू. त्याआधी माझं शेवटचं बोलणं एवढंच. येत्या सोमवारी, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेला, सकाळचा भोंगा झाला की खुर्ची भिंतीला असेल. आणि मी सोनाअक्काशेजारी.