मुडी आणि टेम्पोची चावी

जबाब देणार : श्रीमती सोनूबाई केरू बारगुडे, वय ६४ वर्षे, धंदा शेती, राहणार खालची वाडी, पालीच्या पुढे, जि. रत्नागिरी. दिनांक २८ जुलै, सकाळी ११ वाजता.

मी बोलावल्यावरून ठाण्यात आले असून विचारल्यावर सांगते की, वरील पत्त्यावर मी व सून मनस्वी राहतो. मुलगा रितेश मुंबईस नोकरीला आहे. नदीकाठची अठरा गुंठे भातजमीन मी स्वतः कसते. पूरग्रस्तांच्या मदतीला आलेल्या एका मंडळाचे प्रमुख केतन साळगरे यांनी, मी त्यांच्या टेम्पोची चावी घेतली, अशी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. चावी मी घेतली. ते खरे आहे.

दिनांक २२ रोजी दुपारी तीनच्या सुमारास नदीचे पाणी वाडीत शिरले. आम्ही तयारीत होतो. भांडी, गाद्या, कागदपत्रे सकाळीच माळ्यावर टाकली होती. गुरे वरच्या वाडीत बकुळा गोताड हिच्या गोठ्यात नेली. आम्ही दोघी शाळेत राहिलो. पाणी खिडकीच्या वर गेले, माळ्याला लागले नाही. दिनांक २४ रोजी ओसरले. लावलेले सगळे भात गाळाखाली जाऊन कुजले होते. तेव्हा सून रडली. मी रडले नाही, कारण माळ्यावर मुडी होती.

मुडी म्हणजे पेंढ्यात आवळून बांधलेले बियाणे. बाहेरून गवताचा गोळा दिसतो, आत भात असते. आमच्या घरी जूनमध्ये सगळे बी पेरत नाहीत. एक मुडी पुरासाठी मागे ठेवतात व नारळी पौर्णिमा होईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. आतले भात तांबडे, हळवे, म्हणजे थोड्या दिवसांत पिकणारे. पूर गेल्यावर भिजवून, मोड आणून चिखलात फेकले की दिवाळीच्या पुढेमागे कापणीला येते. हे बी वाडीत आता फक्त माझ्याकडे होते. बाकीच्यांनी दुकानातल्या पिशव्यांच्या नादाने आपले घालवले.

दिनांक २५ रोजी सकाळी आम्ही दोघी शेताची नांगरट कधी करता येईल ते बघायला गेलो. घर उघडे होते. केतन साळगरे व मंडळाची दहा-बारा मुले आमच्या मागे घरात शिरली. त्यांनी गुडघाभर चिखल काढला, चूल धुतली. मुले राबली, ते मी नाकारत नाही. पण माळ्यावर चढायला त्यांना कोणी सांगितले होते? आम्ही परतलो तेव्हा माळा झाडून लख्ख होता. मुडी नव्हती.

मी विचारले, "आवं, माळ्यावर पाणी आलंच न्हाय, तर वर गेलात कशाला? माझी मुडी कुठं हाय?"

केतन म्हणाला, "आजी, ते कुजलेलं गवत होतं. आम्ही साफ केलं. हे बघा." त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. त्यात एक मुलगी माझी मुडी डोक्यावर धरून हसत होती.

त्यांनी ती टेम्पोत भरून पुलाजवळच्या ढिगावर टाकली होती. सगळ्या वाडीच्या गाद्या, काचा, मेलेल्या कोंबड्या तिथेच. मी पोचेपर्यंत जेसीबीने ढीग दोनदा उलटला होता. २५ व २६ असे दोन दिवस मी व सून हातांनी उकरत होतो. मुडी आवळलेला पेंढ्याचा वेठ, म्हणजे पिळलेली दोरी, तेवढा सापडला. भात डिझेल लागलेल्या गाळात विखुरले होते. डाव्या तळहाताला काच लागून टाके पडले आहेत. या दोन दिवसांत मंडळातले कोणी ढिगाकडे आले नाही. ते पुढच्या घराचे फोटो काढत होते.

दिनांक २७ रोजी सकाळी नऊ वाजता केतन टेम्पो घेऊन दारात आला व दुकानातल्या बियाण्याच्या दोन पिशव्या पुढे केल्या. मी पिशवीवर काय लिहिले आहे ते सुनेला वाचायला लावले. पीक एकशे चाळीस दिवसांचे. आता पेरले तर कापायचे कधी, असे मी विचारले. तो म्हणाला, "आजी, एवढं काय त्यात, भात ते भातच." तो पिशव्या उतरवायला मागे वळला. मी टेम्पोची चावी काढून घेतली व निघाले. तो मागून ओरडत आला. मी त्याला शिवी दिली, मारले नाही. पुलापर्यंत माझ्या मागे यायला त्याला चिखलामुळे वेळ लागला.

चावी कुठे आहे असे साहेबांनी तीनदा विचारले. चावी त्याच ढिगावर टाकली आहे, मधोमध. जागा दाखवायला मी तयार आहे. त्यांनी हातांनी उकरावे. जेसीबी लावू देणार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यात हवालदारांनी "रागाच्या भरात" असे माझ्या बाजूने घातले होते, ते मी काढायला लावले. राग आहे, पण चावी मी विचार करून टाकली. उजव्या हाताचा अंगठा दिला आहे.