शेवटचा फेरा हाताने

मंडळी, आपण सगळे आलात. पहिल्या पाळीचे लोक तर ड्यूटीवरून थेट आलात, अंगावरची धूळ बी झटकली नाही. हेडबाईंनी शाळेचा हा हॉल दिला. समोर कौसल्यावहिनी बसून आहेत, बाजूले लेक सुमन आहे. त्याईच्याकडं पाहून मले बोलता येणार नाही. म्हणून मी खिडकीकडं पाहून बोलीन. वहिनी, राग नका मानू.

मी नारायण, सुतारखात्याच्या स्टोअरमधला. इथल्या अर्ध्या लोकायशी मी खिळ्या-स्क्रूवरून भांडलेलो आहे. भाषण कधी दिलं नाही. पण दौलत मिस्त्रीवर दुसऱ्या कोणी बोलावं अन् मी चूप बसावं, हे बी जमलं नाही. आठ दिवसांच्या काविळीनं माणूस नेला. मागच्या सोमवारी स्टोअरच्या खिडकीवर उभा राहून माह्याशी वाद घालून गेला होता. या सोमवारी खिडकी रिकामी.

दौलतभाऊ भंडाऱ्याकडचा. घरची शेती. तिफण-वखर नीट करता करता सुतार झालेला माणूस. इथं भिलाईत नुसतं माळरान होतं, पोलादाच्या भट्टीचा पत्ता नव्हता, तेव्हापासूनचा. स्टोअरमधून स्क्रू घ्यायचा तर मूठभर घेऊन जाणार नाही. बायका बाजारात वांगी निवडतात तसा एकेक निवडणार. मी म्हणो, "दौलतभाऊ, लगीन लावायचं आहे का स्क्रूचं?" तो म्हणे, "हो ना. लाकडासंग. मंग सोडचिठ्ठी होऊ नये म्हणून पाहून राहिलो."

मंडळी, आज मले एकच गोष्ट सांगायची आहे. ही शाळा सुरू होणार होती तेव्हाची. पोरायले बसाले बाकं पाहिजे होती, साठ बाकं, अन् तारीख ठरलेली. तेव्हाच आमच्या खात्यात बिजलीचा पेचकस आला. रशियन साहेबानं स्वतः चालवून दाखवला. घर्र केलं की स्क्रू आत. दौलतभाऊच्या हातात दिला, अन् काय सांगू, पंचवीस वर्षं मनगट पिळून काम केलेला माणूस, लहान पोरासारखा खूश झाला. एकाले जोडात चिकटवायचा सरस लावाले ठेवलं, एकाले लाकूड धराले. सरस गरम असतो, लावला की लगेच जोड आवळावा लागते, नाहीतर थंडा होऊन जाते. हातानं त्याची धावपळ होये. मशीननं नाही झाली. घर्र, घर्र, घर्र. आठ दिवसांत साठ बाकं उभी. साहेब म्हणे, "हराशो, हराशो." त्याच्या भाषेत झकास. बाकं तपासली, कागदावर सही झाली, गाडीत चढली अन् इथं आली. फक्त एक जास्तीचं बाक खात्यात राहिलं.

दोन महिने गेले. उन्हाळा लागला. एक दिवस दौलतभाऊ त्या बाकावर डबा खाले बसला. बाक बोललं. चुंई. एवढंच. मी बाजूलेच होतो, मले ऐकू बी आलं नाही. त्यानं डबा बंद केला. खाली वाकला. स्क्रूवर दोन बोटं ठेवली अन् फिरवला. मंडळी, स्क्रू बोटानं फिरला.

त्यानं जोड उघडला अन् मले दाखवला. म्हणे, "पाह्य नाऱ्या. सरस सारा बाहेर. आत लाकूड कोरडं." मशीननं इतकं आवळलं की सरस पिळून बाहेर आला, वर मण्यांसारखा सुकून बसला. अन् स्क्रू शेवटी जागच्या जागी फिरत राहिला, त्यानं आतलं लाकूड चुरून टाकलं. नवीन होतं तोवर घट्ट वाटलं. ऊन लागलं, लाकूड सुकलं, पकड सुटली. मी म्हणलं, "एका बाकाचं झालं असन." तो म्हणे, "हात एक, मशीन एक. साठही असेच असन."

आता इथं मले माह्या तोंडानं एक कबूल करायचं आहे. त्याच आठवड्यात त्याचं नाव पक्क्या नोकरीच्या यादीत होतं. पक्का झाला की क्वार्टर. वहिनी अन् लेक तेव्हा कॅम्पातल्या टिनाच्या खोलीत. भिलाईचा उन्हाळा, वर टिन. काय सांगायचं तुमाले, तुम्ही बी त्यातूनच आले. मी त्याले म्हणलं, "दौलत, चूप राय. कोणी विचारलं नाही. बाकं पास आहेत, सही आहे. एकेक करून हळूहळू नीट करून टाकू."

तो मले काय म्हणला? म्हणला, "पास कागदावर झाले ना बापा. लाकडाले कागद वाचता येत नाही. अन् ज्या पोरीचा पाय त्याच्याखाली येईन, तिले बी येत नाही."

गेला आपल्या खात्याच्या देशी साहेबाकडं, लिहून द्याले. मी दाराशी उभा होतो. साहेब वाईट माणूस नव्हता, त्यालेही दौलतले वाचवायचंच होतं. म्हणे, "दौलतराव, सोच लो. लिखके दोगे तो इस बार नाम कटेगा." दौलतभाऊ म्हणला, "साहेब, गलती मशीन की नहीं, मेरी है. मैंने उसको रोका नहीं. लिख लो."

नाव कटलं. क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाले गेलं. मले इतका राग आला की मी भांडाले वहिनीकडं गेलो. म्हणलं, यायले काही सांगा. वहिनी टिनाखाली घाम पुसत भाकर टाकून राहिल्या होत्या. म्हणल्या, "भाऊजी, मले काहून सांगता? बारा वर्षं झाले, हलणाऱ्या पाटावर हा माणूस जेवाले बसला नाही. त्या बाकायपाई याले जेवणच गेलं नसतं." वहिनी, तुम्ही विसरल्या असान. मी नाही विसरलो. वाटीभर ताक बी दिलं होतं तुम्ही, वरून हसल्या होत्या.

मंग सुट्टीत साठही बाकं परत खात्यात आली. एकेक जोड त्यानं उकलला. चुरलेल्या भोकांत लाकडाच्या खुंट्या बसवल्या, नवीन भोकं पाडली, नवीन सरस लावला. अन् मले वाटलं होतं, आता हा मशीन फेकून देईन. तर नाही. तीच मशीन घेतली. सरस थंडा व्हायच्या आत जोड जवळ आणाले तीच पाहिजे, म्हणे. पण आता स्क्रू बसत आला की मशीन थांबवे. साधा पेचकस घे, अन् शेवटचा फेरा हातानं. हळू. जोडातून सरसाची बारीक रेघ डोकावली की बस. त्याच्यापुढं एक केसभर नाही. म्हणे, "थांबायचं कुठं, हे मशीनले समजत नाही. मनगटाले समजते."

रशियन साहेब एक दिवस मागं उभा राहून पाहत होता. या वेळेस हराशो म्हणला नाही. टोपी काढली, अन् दौलतभाऊच्या हातातला पेचकस मागून घेऊन शेवटचा फेरा स्वतः मारून पाह्यला. आमच्या खात्यात तेव्हापासून कायदाच झाला. आजही मी खिडकीतून मशीन देतो तेव्हा सोबत साधा पेचकस देतो. तो घेतल्याशिवाय मशीन भेटत नाही, हे तुमाले सगळ्यायले माहीत आहे. असं काहून, ते नवीन पोरायले माहीत नव्हतं. आज माहीत झालं.

पुढच्या साली तो पक्का झाला. सेक्टर दहामधलं क्वार्टर भेटलं. दीड वर्षच राहला त्यात. मले हे लागते, फार लागते. एक उन्हाळा जास्तीचा राहला असता घरात. पण मी जर आज म्हणलो की त्यानं तेव्हा चूप राहायले पाहिजे होतं, तर तो उठून माह्या कानाखाली लावन. तेव्हा मी चुकलो होतो, दौलतभाऊ. भर सभेत सांगतो. तू बरोबर होता. मले तुह्या बाजूच्या खिडकीत काम केल्याचा गर्व आहे.

बेटा सुमन, कोणी विचारलं तुझा बाप काय करे, तर नुसतं सुतार होता म्हणू नको. मान वर करून सांग, या शाळेची बाकं माह्या बाबानं दोन डाव बनवली.

मंडळी, तुम्ही आत्ता त्याच बाकायवर बसून आहा. पोरायची बाकं, त्यावर आपल्यासारखे धिप्पाड लोक, तिघं तिघं दाटून. मी मघापासून इथं उभा राहून कान देऊन आहे. आता आपण त्याच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू. माही एकच विनंती आहे. सगळे एकदम उठा. बाकाले हात टेकून, भार देऊन उठा. अन् ऐका.

वहिनी, ऐकलं ना? एक बी बाक बोललं नाही.